ताई, सिंक चुकलंच होतं

ताई, आज सकाळी पुन्हा सिलिंडर बदलताना माझं बोट चेमटलं. ओट्याखालून आडवा गेलेला तो पाइप, त्याच्या खालून सिलिंडर तिरका करायचा, अर्धा ओढायचा, मग गुडघा लावून बाहेर काढायचा. गॅसवाला दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "मावशी, ये पाइप इधर किसने डलवाया?"

"मेरी बहन ने."

"तो उनको बोलो ना, हटा दे."

त्याला काय सांगणार? तू जाऊन महिना होत आला, आणि तुला सांगायच्या राहिलेल्या गोष्टी संपत नाहीत. पण त्यातल्या निम्म्या या पाइपाबद्दलच्याच आहेत, हे मी आधीच सांगून टाकते.

लोक भेटायला येऊन गेले. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. "विजयाताई किती शांत होत्या हो," असं पलीकडच्या विंगमधल्या बाई म्हणाल्या तेव्हा मी चहा गाळत होते. शांत! तू शांत होतीस, कारण तू कुणाचं ऐकतच नव्हतीस. समोरचा बोलून बोलून दमला की तू उठायचीस आणि तुला हवं तेच करायचीस. याला शांत म्हणत असतील तर आपल्या आचोळ्याच्या नाक्यावर आडवी बसणारी म्हैससुद्धा शांतच आहे.

आता तू इथे असतीस तर हसली असतीस, आणि मी आणखी चिडले असते.

सगळं त्या जुन्या कडाप्प्याच्या ओट्यापासून सुरू झालं. सिंकजवळ तडा गेला होता, पाणी झिरपून खालच्या ट्रॉल्या गंजल्या होत्या. मी दुकानात जाऊन ग्रॅनाइट बघून आले. काळा, बारीक ठिपक्यांचा, सुंदर. माणूस येऊन माप घेणार होता. आणि तू ताटावर बसल्या बसल्या म्हणालीस, "नको बोलावूस त्याला. ओटा मी करणार आहे."

"करणार आहेस म्हणजे?"

"सिमेंटचा. घरी ओतणार."

मला वाटलं तू थट्टा करतेस. मग तू मोबाइल पुढे केलास. कुठल्यातरी परदेशातला दाढीवाला माणूस लाकडी साच्यात काँक्रीट ओतत होता. दुसऱ्या व्हिडिओत तो साचा उघडत होता आणि आतून राखाडी, गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा ओटा निघत होता. रिटायर झाल्यापासून तू दुपारी पोथी वाचतेस असं मी कामावर, दातांच्या क्लिनिकमध्ये, सगळ्यांना सांगत होते. तू हे बघत होतीस!

"ताई, त्याच्याकडे मशिनं आहेत. गॅरेज आहे. आपल्याकडे काय आहे?"

"हॉल आहे," तू म्हणालीस.

आणि खरंच, आपला हॉल गेला. दिवाण भिंतीला लागला, टीव्ही फ्रिजवर चढला, आणि मध्ये जमिनीवर तुझा साचा पसरला. सनमायका लावलेल्या प्लायवूडचा. त्याआधी तू खाकी कागदावर अख्ख्या ओट्याचं पॅटर्न कापलंस. त्या बाबतीत तुला बोलायची माझी लायकी नाही. जन्मभर कारखान्यात शर्टांची पॅटर्नं कापलीस. तुझी कात्री कागदावरून गेली की मागे धागाभरही वाकडं राहायचं नाही. तुझ्या डाव्या हातातली कात्री. जेवायला आणि लिहायला आईने मारून मारून तुझा उजवा हात केला, पण कात्री, झारा आणि भांड्याची घासणी तिला काही तुझ्या डाव्या हातातून काढता आली नाही.

मी वाळू स्वस्तात मिळावी म्हणून म्हटलं होतं, "फिलूला सांगू की, भुईगावला किनाऱ्यावर एवढी पडलीय." फिलू म्हणजे तुझी कारखान्यातली जुनी मैत्रीण, आठवड्यातून एकदा केळी नाहीतर अळू घेऊन यायची आणि तुम्ही दोघी मालकाच्या नकला करून हसायचात. तुम्ही तेव्हाही तशाच हसलात. "शैला," फिलू डोळे पुसत म्हणाली, "ती खारी रेती घालशील तर आतली जाळी गंजून जाईल. आनि चोरीची रेती म्हणून पोलीस नेतील ते वेगळंच." त्यानंतर तुम्ही मला वाळूबद्दल तोंडच उघडू दिलं नाहीत.

ओतायच्या दिवशी मी सुट्टी घेतली. कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही, कारण तू मला घमेल्याला हात लावू दिला नाहीस. "तू पाणी जास्त घालतेस. तुझ्या आमटीसारखं होईल." मी आणि फिलू खडी चाळत बसलो. तू साच्यात जाळी अंथरलीस, सिंकच्या जागी, उजवीकडे, थर्माकोलचा ठोकळा चिकटवलास, नळाच्या भोकासाठी एक बाटलीचं झाकण लावलंस. साचा उलटा असतो, हे तूच मला शिकवलं होतंस. जी बाजू तळाला, ती नंतर वर येते, आणि डावं-उजवं उलटतं. म्हणून मी नुसतं बघून विचारलं, "ताई, सिंक डावीकडे नाही का जाणार मग?"

तू वर न बघता म्हणालीस, "तू खडी चाळ."

हे वाक्य मला लख्ख आठवतंय. फिलूलाही आठवतंय. परवाच मी तिला विचारलं.

मग आतले बुडबुडे काढायला काहीतरी थरथरणारं हवं होतं. दाढीवाल्याकडे त्यासाठी खास यंत्र होतं. तू आत गेलीस आणि दादाने तुझ्या गुडघ्यांसाठी आणलेलं मालिशचं मशीन घेऊन आलीस. ते साच्याच्या कडेला लावून घर्रर्र करत तू गुडघ्यांवर रांगत सगळीकडे फिरलीस, ज्या गुडघ्यांसाठी ते आणलं होतं त्याच गुडघ्यांवर! बुडबुडे वर येऊन फुटत होते आणि तू लहान मुलीसारखी मोजत होतीस. शेवटी मशीनच जळलं. पुढच्या रविवारी दादाचा बदलापूरहून फोन आला, "विजू, मशीन वापरतेस ना?" तू म्हणालीस, "अरे, वापरून वापरून संपलं." मला खोलीबाहेर जावं लागलं.

मग आपण तुझ्या जुन्या साड्या भिजवून त्याच्यावर पसरल्या आणि दिवसभर पाणी मारत राहिलो. घरात येणारा प्रत्येक माणूस त्याला वळसा घालून जायचा. कुरिअरवाल्याने तर हात जोडले. त्याला वाटलं, कुणी गेलंय. मी तुझ्यावर ओरडले, की माणसाला स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. तू म्हणालीस, "थोडं थांब गं. घट्ट होतंय." जणू खरवस लावला होता.

साचा सुटला तेव्हा बिल्डिंगमधले सगळे दणकट पुरुष जमले होते. त्यांनी ओटा उभा केला, पालथा केला, "संभाळून, संभाळून" करत आत नेला. मी दारातच उभी होते आणि मला तिथूनच दिसलं. सिंकचं भोक डावीकडे होतं. पाण्याचा नळ, सांडपाण्याचा पाइप, सगळं भिंतीत उजवीकडे.

"फिरवून बसवू," कुणीतरी म्हणालं. पण फिरवणार कसं? नळाचं भोक मग पुढे आलं असतं आणि तू हौसेने गोल केलेली कड भिंतीला गेली असती.

प्लंबर कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "मॅडम, ये सिंक तो उल्टा हो गया."

आणि तू, ताई, तू ओढणीने हात पुसलेस आणि म्हणालीस, "उल्टा नहीं है. ऐसाच चाहिए था."

मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघितलं नाहीस.

तिथून हा पाइप आला. प्लंबरने तो ओट्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला आणि जाताना मला हळूच म्हणाला, "चोक होगा तो बोलना." होतोच. तेव्हापासून आपलं ते एकच भांडण चालू होतं. मी म्हणायची, कबूल कर, चुकलं. तू म्हणायचीस, काय चुकलं, पाणी येतंय, पाणी जातंय. मी म्हणायची, तीस वर्षं शर्टाचा डावा पल्ला आणि उजवा पल्ला कापणाऱ्या बाईला डावं-उजवं कळत नाही? तू म्हणायचीस, "कळतं म्हणून तर." आणि भांडी घासायला लागायचीस. डाव्या हातात घासणी, उजव्या हातात ताट, उजवीकडे निथळायला. सगळं कसं सुरळीत. आणि मी उभी राहिले की माझे हात एकमेकांत अडकतात, कोपर भिंतीला लागतं, पाणी माझ्या पोटावर येतं.

म्हणजे तू मुद्दाम केलंस का? हे मला तू सांगून जायला हवं होतंस. मुद्दाम केलं असशील तर मला राग येतो, की विचारायचं तरी. आणि चुकून झालं असेल तर त्याहून राग येतो, की एवढी वर्षं एकत्र काढून तू माझ्यासमोर एकदा "चुकलं" म्हणू शकली नाहीस. फिलूला विचारलं तर ती म्हणते, "विजूचं काय सांगू? ती पोपाच्या समोरसुद्धा कबूल झाली नसती."

लिंबाचं तर विसरूच नको. डाग पडू नयेत म्हणून सीलर लावला, तूच बजावलंस, आठवडाभर आंबट काही सांडायचं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी तूच लिंबू चिरलंस. पांढरट डाग पडला. मी संध्याकाळी घरी आले तर तू म्हणतेस, "शैला, काय केलंस हे?" मी सकाळपासून क्लिनिकमध्ये लोकांच्या दाढांच्या अपॉइंटमेंटा देत होते, ताई!

हे सगळं मी हसत लिहितेय असं वाटेल. तसं नाही. आता ज्याचा मला खरा राग आहे, ते सांगते.

तुझा हात दुखत होता. ओटा बसल्यावर तू तो रोज पॉलिश पेपरने घासायचीस, पाणी टाकून, गोल गोल, डाव्या हाताने. आणि मग दुसऱ्या छोट्या ओट्याचा साचा करायला घेतलास, खिडकीखाली मिक्सर ठेवायचा तो. रात्री जेवताना तू खांदा चोळायचीस. मी म्हटलं, दाखवून येऊ. तू म्हणालीस, "दाखवायचं काय? ज्या हाताने घासलं तो हात दुखणार." मी म्हटलं, आमच्या डॉक्टरांच्या ओळखीचे हार्टचे डॉक्टर आहेत, नुसता कार्डिओग्राम काढू. तू म्हणालीस, "दातांच्या दवाखान्यात बसून तू डॉक्टर झालीस." वर मलाच बाम चोळायला लावलास.

उजव्या हाताची बाई असतीस तर डावा हात दुखल्यावर घाबरली असतीस. मीही तुला ओढत नेलं असतं. पण तुझ्याकडे कारण तयार होतं, आणि ते इतकं पटण्यासारखं होतं, की त्यावर भांडायलाही जागा नव्हती. मी एरवी कुठल्या गोष्टीवरून भांडत नव्हते? टोमॅटो कुठे ठेवायचे यावरूनही आपण भांडलोय.

त्या दुपारी शेजारच्यांचा फोन आला, तू कोसळलीस म्हणून. मी तुळिंजला रिक्षात अडकले होते. समोर कुणाचीतरी मिरवणूक होती. मी उतरून धावत सुटले. तोवर तुला हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणलं तेव्हाच काही उरलं नव्हतं. तुझ्या नखांत सिमेंट होतं. नर्सने ते पुसायचा प्रयत्न केला. मी तिला म्हटलं, ते निघणार नाही, राहू द्या.

तेराव्याला दादा सगळं उरकून स्वयंपाकघरात आला. थकला होता बिचारा. सिंकपाशी हात धुवायला गेला, तर सवयीने उजवीकडे वळला आणि शेगडीपुढे उभा राहिला. मग म्हणाला, "शैला, तू एकटी आता. हा सगळा व्याप तोडून टाकू. माझ्या ओळखीचा माणूस आहे, ग्रॅनाइट बसवून देईल. सिंक जिथल्या तिथे येईल."

ताई, हेच मी एवढे महिने मागत होते. काळं, ठिपक्यांचं, सिंक उजवीकडे. ते माझ्यासमोर आलं, आणि मी काय केलं माहितीय? मी दादावर ओरडले. म्हटलं, "तोडायचं कशाला? काय वाईट आहे त्यात? पाणी येतंय, पाणी जातंय!"

तुझंच वाक्य. माझ्या तोंडातून निघालं आणि मला स्वतःचाच संताप आला. दादाला वाटलं मी दुःखाने बोलतेय. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्याचा हात झटकला आणि पातेली आपटायला लागले. तू मेल्यावरसुद्धा मला तुझ्या बाजूने भांडायला लावलंस. यापेक्षा जास्त अन्याय काय असतो?

त्याला काय कळणार? मी नवऱ्याचं घर सोडून पिशवी घेऊन तुझ्या दारात उभी राहिले, तेव्हा दादाने फोनवर मला तासभर समजावलं होतं. तू काहीच विचारलं नाहीस. पिशवी आत घेतलीस आणि म्हणालीस, "वालाचं बिरडं आहे. सोलायला बस." आपण दोघी जमिनीवर वाल सोलत बसलो. अर्धी वाटी सोलून झाल्यावर तू म्हणालीस, "कपाटाचा वरचा खण रिकामा केलाय." बस्स. त्याच्यानंतर तो विषय तू कधी काढला नाहीस, कुणाला काढू दिला नाहीस. आजवर मी तुला त्याबद्दल काही बोलले नाही. मला वाटायचं, आपण दोघी रोज एकमेकींना एवढं बोलतो, त्यात ते कुठेतरी येऊन गेलं असेल. आलं नव्हतं. ते आता इथे लिहिते. तू मला घर दिलंस, ताई. आणि मग त्याच घराचं सिंक उलटं बसवलंस.

गेल्या रविवारी फिलू आली. हॉलमध्ये तुझा छोटा साचा अजून तसाच पडून होता. धूळ बसली होती. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "याचं काय करायचं?"

मी म्हटलं, "ओतायचं. सिमेंट दगड व्हायच्या आत."

आम्ही दोघींनी ओतलं. मला वाटलं होतं, एवढं बघितल्यावर येईल. फिलू म्हणाली, पानी जास्त होतंय. मी म्हटलं, कमी होतंय. मिश्रण कधी सरबरीत, कधी कोरडं. थापी कशी धरायची तेसुद्धा मला आठवेना. बुडबुडे काढायला मशीन नव्हतं, म्हणून आम्ही साच्याच्या दोन्ही बाजूंना लाटण्याने ठोकत बसलो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारायला आलं, काय चाललंय. फिलू म्हणाली, "लाडू." तुझ्या साडीवर मी रोज कामाला जाण्याआधी आणि आल्यावर पाणी मारलं.

आज दुपारी साचा उघडला. एवढासाच, म्हणून दोघींनी उचलून खिडकीखाली बसवला. सगळीकडे बारीक भोकं पडलीत, जाळीदार अनारशासारखी. एक कोपरा साच्यातच राहिला. मधोमध एक रेघ उमटलीय, साडीची असेल नाहीतर आमच्या ठोकण्याची. तू केलेल्या मोठ्या ओट्याच्या शेजारी तो अगदी शाळेतल्या पोरीने केल्यासारखा दिसतो.

फिलूने लांबून बघितला, जवळून बघितला. "छान झालाय गं," ती म्हणाली.

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, "छान कुठे झालाय? डोळे आहेत ना तुला? हा कोपरा बघ, ही भोकं बघ." तिने माझा हात धरला, म्हणाली, "विजूसारखं मी नाही बोलणार, शैला. माझ्याच्याने नाही व्हायचं."

बरोबरच आहे तिचं. आता मला सगळे छानच म्हणणार. दादा म्हणेल, शेजारी म्हणतील, क्लिनिकमधल्या मुली फोटो बघून म्हणतील, मॅडम, किती भारी! या अख्ख्या वसई-विरारमध्ये मला "आमटी ओतलीस का गं?" असं विचारणारं माणूस उरलेलं नाही.

फिलू गेल्यावर मी त्याच्यावर मिक्सर ठेवला. जरा डुगडुगतोय. खाली पुठ्ठा सरकवला नाही, ओटा तोडलाही नाही. तो असाच राहणार आहे.

बोल ना आता.